सव्वा लाखात डेटाबेस सर्व्हर: पैसा आधी कुठे घालावा

सांगलीतल्या एका औषध वितरकांचा प्रश्न थोडक्यात असा: "आमच्याकडे बारा कॉम्प्युटर आहेत. बिलिंगचं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०१४ एक्सप्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालतं. सर्व्हर म्हणून २०१५ साली घेतलेला चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह आहे, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. डेटाबेस ८.६ जीबीचा झाला आहे. संध्याकाळी पाचनंतर बिलं अडकतात आणि कुणी स्टॉकचा रिपोर्ट काढला की सगळेच थांबतात. डीलरने दोन झिऑन प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, रेड ५ पद्धतीने एकत्र जोडलेल्या चार हार्ड डिस्क असा ३ लाख ४० हजारांचा सर्व्हर सुचवला आहे. आमची तयारी सव्वा लाखाची आहे. तेवढ्यात कोणता घ्यावा?"

मी गेली बरीच वर्षं कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या अशाच कचेऱ्यांचे डेटाबेस सांभाळतो आहे. पतसंस्था, वितरक, छोटे कारखाने. तुमच्या प्रश्नात मला तीन वेगळे प्रश्न दिसतात. बिलं हळू होतात, हा एक. डेटाबेस एक्सप्रेसच्या १० जीबीच्या मर्यादेच्या भिंतीला टेकत चालला आहे, हा दुसरा. तुम्ही तो नुसता आकडा म्हणून लिहिला आहे, पण माझ्या मते तोच सगळ्यांत निकडीचा आहे. आणि तिसरा म्हणजे अख्खा धंदा एका जुन्या डिस्कवर आणि सुरक्षेचे अपडेट थांबलेल्या सॉफ्टवेअरवर उभा आहे. एसक्यूएल सर्व्हर २०१४ चा आधार ९ जुलै २०२४ ला संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि मोठा सर्व्हर हा त्यातल्या एकाचाही पूर्ण उपाय नाही.

आधी डीलरच्या कोटेशनकडे बघू, कारण त्यातूनच तुमच्या अडचणीचं स्वरूप कळेल. एक्सप्रेस ही फुकट आवृत्ती आहे आणि तिला मर्यादा घालून दिलेल्या आहेत. ती एकच सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) किंवा चार कोअर, यांतलं जे कमी असेल तेवढंच वापरते. म्हणजे दोन झिऑनपैकी दुसऱ्याला डेटाबेससाठी काही कामच उरत नाही, आणि पहिल्यातले चारपेक्षा जास्तीचे कोअरही बसून राहतात. डेटा मेमरीत धरून ठेवण्यासाठी २०१४ एक्सप्रेस १ जीबी वापरते, २०१६ पासूनच्या आवृत्त्या १४१० एमबी. ६४ जीबी रॅम घातली तरी हा आकडा हलत नाही. "उरलेली रॅम विंडोज फाइल कॅशसाठी वापरेल ना?" असं मला नेहमी विचारतात. नाही वापरत. एसक्यूएल सर्व्हर आपल्या फाइली विंडोजच्या कॅशला वळसा घालून उघडतो. डेटा छोट्या तुकड्यांत असतो, त्यांना पानं म्हणतात. ही पानं एकतर त्याच्या स्वतःच्या मेमरीत असतात, नाहीतर डिस्कवरून आणावी लागतात. मधला टप्पा नाही.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. काउंटरमागच्या फळीवर जेवढा माल मावतो तेवढा हात लांबवून मिळतो, बाकीच्यासाठी मागच्या गोदामात जावं लागतं. एक्सप्रेसमध्ये फळी १ जीबीची आहे आणि ती लांबवता येत नाही, तर माल ८.६ जीबी आहे. मग शहाणपण कशात? गोदामापर्यंतची ये-जा वेगवान करण्यात, आणि उगाच होणाऱ्या खेपा बंद करण्यात.

ती ये-जा आज किती मंद आहे याचा हिशेब कागदावर करता येतो. तुमची हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेणारी असेल. एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२. शिवाय डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला ८ ते ९. एकूण १२–१३ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेली पानं वाचायची तर सेकंदाला जेमतेम ८०. एसक्यूएल सर्व्हरचं पान ८ केबीचं असतं. एखादं बिल करताना बॅच, एक्स्पायरी, पार्टीची उधारी असं शोधत दोन हजार विखुरलेली पानं डिस्कवरून आणावी लागली, तर ते पंचवीस सेकंद झाले. आणि त्याच वेळी दुसऱ्या अकरा जणांच्या मागण्याही त्याच एका डोक्यापुढे रांगेत असतात. साधा साटा एसएसडी (फिरणारे भाग नसलेली डिस्क) अशी वाचनं सेकंदाला हजारोंच्या घरात करतो. संगणकाच्या इतर कुठल्याही भागात पैसे घालून असा फरक पडत नाही. रेड ५ मधल्या चार हार्ड डिस्क इथे उलट्या पडतात: छोटं लिखाण करायचं तर जुना डेटा आणि जुनी पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत मिळवण्यासाठी ठेवलेला हिशेब) वाचायची, मग दोन्ही नव्याने लिहायचे, असे एका लिखाणामागे चार व्यवहार होतात. बिलिंग म्हणजे सतत छोटी छोटी लिखाणंच.

आता स्टॉकचा रिपोर्ट. तो काढला की सगळे थांबतात, याची दोन कारणं असू शकतात आणि त्यांची औषधं पूर्ण निराळी आहेत. खरेदीआधी ही तपासणी कराच.

पहिलं कारण असं की रिपोर्ट अख्खं व्यवहाराचं टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो. त्या वाचनात १ जीबीच्या मेमरीतली, बिलिंगला लागणारी पानं बाहेर ढकलली जातात, आणि मग प्रत्येक बिलाला पुन्हा डिस्कची खेप पडते. दुसरं कारण लॉकचं. एसक्यूएल सर्व्हरच्या नेहमीच्या मांडणीत वाचणारा आणि लिहिणारा एकमेकांना अडवू शकतात. रिपोर्ट ज्या ओळी वाचतो आहे त्यांवर लिहू पाहणारं बिल थांबतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: पडदा हँग.

ओळखायचं कसं? अडकलेलं असतानाच मॅनेजमेंट स्टुडिओतला (एसक्यूएल सर्व्हर सांभाळण्याच्या प्रोग्रॅममधला) ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडा. "ब्लॉक्ड बाय" या रकान्यात आकडे दिसले, तर भांडण लॉकचं आहे. तो रकाना रिकामा आणि वेट टाइपमध्ये पेजआयओलॅचने सुरू होणारी नावं दिसली, तर सगळे डिस्कची वाट पाहत आहेत. जोडीला विंडोजच्या परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये डिस्कच्या एका वाचनाला लागणारा सरासरी वेळ बघा. तो सतत २० मिलिसेकंदांच्या वर असेल तर डिस्क दमली आहे हे नक्की. हे सगळं फुकट आहे, आणि दोन-तीन संध्याकाळी अर्धा अर्धा तास बसलात तर पुरतं.

लॉक असतील तर सव्वा लाखाचा नाही, दहा लाखांचा सर्व्हर आणला तरी रिपोर्टच्या वेळी बिलं अडकणारच. थोडी कमी वेळ, पण अडकणार. त्यावर रीड कमिटेड स्नॅपशॉट नावाची सोय आहे. ती चालू केली की वाचणाऱ्याला ओळीची आधीची, पक्की झालेली प्रत दिली जाते आणि तो लिहिणाऱ्याला आडवा येत नाही. ही सोय एक्सप्रेसमध्येही मिळते. चालू करताना डेटाबेसला दुसरं कुणी जोडलेलं नको, टेम्पडीबीवरचा (तात्पुरत्या कामाच्या डेटाबेसवरचा) ताण थोडा वाढतो, आणि सॉफ्टवेअरवाल्याला विचारल्याशिवाय हात लावू नये, कारण शिल्लक तपासण्यासाठी काही प्रोग्रॅम त्या अडवणुकीवरच अवलंबून असतात. दोन काउंटरवरून एकाच बॅचचा शेवटचा डबा विकला जाणं कुणालाच परवडणारं नाही.

कारण काहीही निघालं तरी इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या सूचीसारख्या नोंदी पटकन सापडवून देणाऱ्या याद्या, बघून घ्या. मी ज्या ज्या औषध वितरकांकडे काम केलं, तिथे बहुतेक ठिकाणी व्यवहाराच्या टेबलावर बिल क्रमांकाचा इंडेक्स होता, पण आयटम आणि बॅच यांचा मिळून नव्हता. दुकान लहान असतं तेव्हा ते जाणवत नाही. सहा-सात वर्षांचा डेटा साचला की एका बॅचची शिल्लक काढायला सगळं टेबल वाचलं जातं. सर्वांत हळू चालणाऱ्या चार-पाच क्वेरींचा (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांचा) एक्झिक्युशन प्लॅन काढून घ्यायला सांगा आणि त्यात कुठे स्कॅन, म्हणजे सगळं टेबल वाचणं, आहे ते दाखवायला सांगा. योग्य इंडेक्सने तीस सेकंदांची क्वेरी एका सेकंदाच्या आत आलेली मी पाहिली आहे, तीही जुन्याच हार्ड डिस्कवर. मात्र प्लॅनमध्ये दिसणाऱ्या "मिसिंग इंडेक्स"च्या सगळ्या सूचना डोळे मिटून लागू करू नका. प्रत्येक इंडेक्स जागा खातो आणि प्रत्येक बिल लिहिताना त्यालाही लिहावं लागतं. तुमच्याकडे तर जागेचीच मारामार आहे.

त्या जागेबद्दल. २०१४ एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसच्या डेटा फाइलींची मर्यादा १० जीबी आहे. लॉगची, म्हणजे होणाऱ्या बदलांची आधी नोंद करणारी, फाइल त्यात धरत नाहीत. फाइल १० जीबीला पोहोचली आणि आत मोकळी जागा उरली नाही, की नवीन नोंद घेणं बंद. बिल सेव्ह होत नाही, परवान्याची मर्यादा ओलांडल्याचा संदेश येतो. हा दिवस सहसा गर्दीच्याच दिवशी उगवतो, कारण त्याच दिवशी नोंदी जास्त असतात. तुम्ही ८.६ वर आहात. गेल्या वर्षभराचे बॅकअप ठेवले असतील तर त्यांचे आकार ओळीने मांडा. महिन्याला किती वाढ आहे आणि किती महिने हातात आहेत ते लगेच कळेल.

मग टेबलवार जागेचा रिपोर्ट काढा. मॅनेजमेंट स्टुडिओत तो तयारच असतो. ८.६ जीबी नुसत्या बिलांचे क्वचितच असतात. खरेदी बिलांचे स्कॅन डेटाबेसच्या आतच साठवलेले असतात, कुणी काय बदललं याची नोंद ठेवणारं टेबल वाढत गेलेलं असतं, नाहीतर एकाच रकान्यावर तीन नावांचे तीन इंडेक्स असतात. स्कॅन बाहेर फोल्डरमध्ये काढता येतात. दुहेरी इंडेक्स काढून टाकता येतात. बदलांची नोंद मात्र पुसायच्या आधी सीएंना विचारा. तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे हीच बदलांची नोंद, ठेवणं बंधनकारक आहे. जीएसटीच्या नोंदीही त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. म्हणून जुनी वर्षं पुसायची नाहीत, हलवायची: १० जीबीची मर्यादा प्रत्येक डेटाबेसला वेगळी आहे, तेव्हा त्याच सर्व्हरवर दुसरा डेटाबेस करून जुनी वर्षं तिथे ठेवता येतात. सॉफ्टवेअरमध्ये मागचं वर्ष उघडण्याची सोय असली पाहिजे, एवढीच अट.

आणि इथे नव्या आवृत्तीचा खरा फायदा आहे, जो कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही. २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून डेटा कॉम्प्रेशन, म्हणजे डेटा दाबून कमी जागेत ठेवणं, एक्सप्रेसमध्येही मिळतं. २०१४ एक्सप्रेसमध्ये ते नव्हतं. बिलांच्या टेबलात तेच पार्टी कोड, त्याच कंपन्या, तीच करांची टक्केवारी पुन्हा पुन्हा येत असते. असा डेटा पेज कॉम्प्रेशनने चांगलाच आक्रसतो. किती, ते तुमच्या डेटावर आहे, आणि टेबलाला हात न लावता अंदाज काढून देणारी प्रोसिजर एसक्यूएल सर्व्हरमध्येच आहे. दुसरा लाभ मला जास्त मोलाचा वाटतो: पानं मेमरीतही दाबलेल्याच रूपात राहतात. म्हणजे १४१० एमबीमध्ये पूर्वीपेक्षा अधिक बिलं मावतात. प्रोसेसरला थोडं काम वाढतं, पण तुमचा प्रोसेसर आज डिस्कची वाट पाहतच बसलेला आहे. एक काळजी घ्या: टेबल कॉम्प्रेस करताना त्याची नवी प्रत तयार होते आणि तेवढी जागा फाइलमध्ये लागते. ८.६ जीबीवर असताना सगळ्यांत मोठ्या टेबलापासून सुरुवात केली तर कामाच्या मध्येच १० ची भिंत लागेल. लहान टेबलांपासून सुरू करा, जागा मोकळी होत जाईल तसे मोठ्यांकडे या.

एसक्यूएल सर्व्हर २०२५ च्या एक्सप्रेसमध्ये तर डेटाबेसची मर्यादाच ५० जीबी केली आहे. मेमरीची १४१० एमबी आणि चार कोअरची तशीच आहे. तुमचा सॉफ्टवेअरवाला त्यावर चालवायला लेखी तयार असेल तर प्रश्न मोठ्या प्रमाणात सुटला. तयार नसेल तर २०२२ एक्सप्रेस घ्या, कॉम्प्रेशन करा, जुनी वर्षं हलवा. मला हा मार्गही पुरेसा वाटतो. स्टँडर्ड आवृत्ती घेतली तर मर्यादांचा प्रश्नच उरत नाही, पण बारा जणांच्या परवान्यांसह ती तुमच्या बजेटच्या बाहेर जाते. डेव्हलपर आवृत्ती फुकट आहे आणि तिला मर्यादा नाहीत, म्हणून ती टाकून देतो असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. रोजच्या धंद्यासाठी ती वापरण्याचा परवाना नाही. पोस्टग्रेस या फुकट डेटाबेसबद्दल मला मनापासून आदर आहे, नव्या कामात मी तेच सुचवतो. पण तुमचं सॉफ्टवेअर ज्या डेटाबेससाठी लिहिलं आहे त्यावरच ते चालणार, आणि ते पुन्हा लिहून घेण्याचा खर्च या बजेटचा विषय नाही.

आता खरेदी. तुमचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, तेव्हा यंत्र बदलायचं हे तर आलंच. घ्यायचं ते एका सॉकेटचं, टॉवर, मूळ उत्पादकाच्या वॉरंटीचं. डेलच्या पॉवरएज किंवा एचपीईच्या प्रोलायंट मालिकेत सगळ्यांत खालच्या पायरीवर अशी यंत्रं असतात. कोअर चार ते सहा, पण घड्याळाचा वेग जास्त. एक्सप्रेसला चारच कोअर वापरायचे आहेत तर ते चार चपळ हवेत. रॅम १६ जीबी, पण ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका सुधारणारी. जास्त घेऊ नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन सॉकेटचे जुने रॅक सर्व्हर या पैशात मिळतात आणि दिसायला भारदस्त असतात. तुमच्यासाठी ते गैरसोयीचे आहेत: दुसरा सॉकेट निरुपयोगी, वीज आणि पंख्यांचा आवाज जास्त, आणि पॉवर सप्लाय गेला तर सांगलीत त्याच दिवशी दुसरा मिळेल याची खात्री नाही.

विंडोज सर्व्हरची इसेन्शियल्स आवृत्ती यंत्रासोबतच मागा. ती २५ वापरकर्ते आणि ५० उपकरणांपर्यंत वेगळ्या ॲक्सेस परवान्यांशिवाय चालते. बारा कॉम्प्युटरच्या कचेरीला स्टँडर्ड विंडोज सर्व्हर आणि त्यावर परवाने घ्यायचं कारण नाही.

डिस्कवर काटकसर करू नका. दोन एसएसडी, ४८० जीबीचे पुरतात, रेड १ मध्ये एकमेकांची प्रत म्हणून. मात्र ते सर्व्हरसाठी बनवलेले हवेत, वीज गेल्यावर आतल्या कॅपॅसिटरच्या जोरावर हातातलं लिखाण पूर्ण करणारे. सॅमसंगचा पीएम८९३ किंवा मायक्रॉनचा ५४०० या जातीचे. लॅपटॉपमध्ये घालायचा स्वस्त एसएसडी वाचायला तितकाच वेगवान वाटतो, पण एसक्यूएल सर्व्हर प्रत्येक बिलाच्या शेवटी लॉग डिस्कवर खरोखर पोहोचल्याची खात्री मागतो, आणि तिथे हे स्वस्त एसएसडी मंदावतात. वर वीज गेली तर जोखीम वेगळीच. जमलं तर दोन एसएसडी वेगवेगळ्या लॉटमधले घ्या, म्हणजे एकाच दोषाने दोन्ही एकाच आठवड्यात जाणार नाहीत.

सुट्या भागांचे भाव सध्या स्थिर नाहीत, म्हणून रकमा न लिहिता वाटणी सांगतो. सव्वा लाखातला साधारण साठ टक्के यंत्र आणि विंडोज, वीस-पंचवीस टक्के एसएसडी, उरलेलं यूपीएस आणि बॅकअप. जुळत नसेल तर प्रोसेसरची एक पायरी खाली या. यूपीएस आणि बॅकअपमधून कापू नका. आणि तुमचा नेटवर्क स्विच बघा: २०१५ चाच असेल आणि १०० एमबीपीएसचा असेल तर गिगाबिटचा घ्या. ही बाब किरकोळ खर्चाची आहे.

यूपीएस १ केव्हीएचा ऑनलाइन प्रकारचा, म्हणजे वीज जाताना मध्ये खंड न पडू देणारा, घ्या. कचेरीचा इन्व्हर्टर चालणार नाही. वीज गेल्यावर त्याच्या बदलाबदलीत जो क्षण जातो त्यात पंखा चालतो, सर्व्हर चालेलच असं नाही. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून बॅटरी संपायच्या आत विंडोज आपोआप बंद होईल अशी मांडणी करून घ्या. बहुतेक ठिकाणी ती केबल खोक्यातच पडून असते. जोडणीच्या दिवशी अर्थिंग मोजून घ्या.

बॅकअपकडे मी सर्व्हरपेक्षा जास्त लक्ष देतो. एक्सप्रेसमध्ये वेळापत्रकाने काम करणारा एजंट नाही, त्यामुळे विंडोजचा टास्क शेड्युलर आणि एसक्यूएलसीएमडी (एसक्यूएल सर्व्हरला आज्ञा देणारा छोटा प्रोग्रॅम) यांची जोडी लावावी लागते. रात्री पूर्ण बॅकअप, चेकसमसह (प्रत बिघडली नाही ना ते पडताळणाऱ्या आकड्यासह). दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक डिफरन्शियल, म्हणजे पूर्ण बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच घेणारा. एक्सप्रेस बॅकअप स्वतः दाबून लहान करत नाही, म्हणून नंतर तो सेव्हन-झिपने पासवर्ड घालून दाबायचा. दोन यूएसबी डिस्क ठेवा, आलटून पालटून: एक कचेरीत, एक मालकांच्या घरी. कायम जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरच्या वेळी उपयोगाची नाही. सर्व्हरच्या फाइलींबरोबर तिच्यावरच्याही कुलूपबंद होतात. तिसरी प्रत इंटरनेटवरून भारतातल्या डेटा सेंटरमध्ये जाऊ द्या. कंपनी असाल तर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवणं २०२२ च्या दुरुस्तीपासून नियमानेच आलं आहे. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून, सॉफ्टवेअर उघडून, कालचं शेवटचं बिल दिसतं का ते बघा. रेड १ मुळे डिस्क गेली तरी काम चालू राहतं. पण चुकून पुसलेलं टेबल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसलं जातं. त्यावर बॅकअपशिवाय इलाज नाही.

हलवाहलवी कधी करायची? महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी, या जीएसटीच्या विवरणपत्रांच्या तारखा. त्यानंतरचा आणि महिनाअखेरीआधीचा शनिवार घ्या. मार्च आणि एप्रिल टाळा. जुन्या यंत्रावरच नवी आवृत्ती चढवू नका. नवं यंत्र आठवडाभर आधी तयार करा, शुक्रवारच्या बॅकअपवर रंगीत तालीम घ्या, आणि शनिवारी काम संपल्यावर शेवटचा बॅकअप घेऊन नव्यावर उतरवा. उतरवल्यावर डीबीसीसी चेकडीबी (डेटाबेस कुठे बिघडला नाही ना ते तपासणारी आज्ञा) चालवा, सगळे स्टॅटिस्टिक्स (क्वेरी कशी चालवायची ते ठरवायला लागणारे डेटाचे अंदाज) ताजे करा, लॉगिन आणि डेटाबेसमधले युझर एकमेकांशी जुळतात का बघा. सोमवारी सकाळी "लॉगिन फेल्ड" येतं ते बहुधा तिथूनच. डेटाबेसचा ऑटो क्लोज पर्याय बंद करा, तो एक्सप्रेसवर तयार केलेल्या डेटाबेसमध्ये मुळातच चालू असतो आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की मेमरीत आणलेली पानं सोडून देतो. ऑटो श्रिंक (फाइल आपोआप लहान करणारा पर्याय) असेल तर तोही बंद. विंडोजचा पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा. अँटीव्हायरसला डेटा आणि लॉगच्या फाइली वगळायला सांगा.

कॉम्पॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेसने कोणत्या आवृत्तीसारखं वागायचं ते) सुरुवातीला जुनीच, म्हणजे १२०, राहू द्या. बॅकअप उतरवल्यावर ती आपोआप तशीच राहते. दोन-तीन आठवडे सुरळीत गेले की वाढवा आणि त्या काळात क्वेरी स्टोअर चालू ठेवा, म्हणजे एखादी क्वेरी बिघडली तर आधीचा प्लॅन सापडतो. एकाच रात्री सगळं बदललं तर काय बिघडलं ते शोधता येत नाही. जुनं यंत्र नेटवर्कची वायर काढून महिनाभर तसंच ठेवा. रविवारी दुपारी दोनपर्यंत नव्या यंत्रावर बिल, परतीचं बिल, स्टॉक रिपोर्ट आणि प्रिंट हे चारही नीट झाले नाहीत तर जुन्यावर परत जायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

तीन लाखांचा सर्व्हर कधी घ्यावा, हेही सांगतो. शाखा वाढून तीस-चाळीस जण एकाच डेटाबेसवर आले, इंडेक्स आणि कॉम्प्रेशन झाल्यावरही पेजआयओलॅच दिसत राहिलं, किंवा प्रोसेसर दिवसभर भरलेला दिसला, तर एक्सप्रेसच्या मर्यादाच आडव्या येत आहेत असं समजायचं. तेव्हा आधी स्टँडर्ड आवृत्तीचा परवाना, मग तिच्या जोगी रॅम. मी सांगितलेलं यंत्र तेव्हाही वाया जात नाही, त्यात रॅम वाढवायला जागा असते.

या आठवड्यात दोन संध्याकाळी ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये काय दिसलं, डिस्कच्या एका वाचनाला किती मिलिसेकंद लागले, आणि सगळ्यांत मोठी पाच टेबलं कोणती, एवढं कळवा. ब्लॉक्ड बायमध्ये आकडे निघाले तर खरेदीआधी तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याशी बोलावं लागेल, आणि त्याला नेमकं काय विचारायचं ते मी लिहून देईन.